करारनाम्यातले प्रेम

गेल्या आठवड्यात एका खरेदीखताच्या नोंदणीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन घेऊन बसले होते. सर्व्हर बंद पडला होता, म्हणून पिशवीतून रीजन्सी काळातल्या प्रेमकथेची एक कादंबरी काढली. मुखपृष्ठावर जांभळा झगा घातलेली तरुणी, बटणे न लावलेल्या सदऱ्यातला एक तरुण आणि मागे धुक्यात बुडालेला दगडी वाडा. शेजारी बसलेल्या वकीलमित्रांनी आधी पुस्तकाकडे, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि विचारले, "मॅडम, तुम्ही हे वाचता?" 'हे' या शब्दावर त्यांनी बराच जोर दिला होता. "करारासाठी वाचते," असे मी म्हटले. ते हसले, कारण त्यांना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता, हे सांगण्यासाठी ही लांबलचक पोस्ट.

रीजन्सी म्हणजे इंग्लंडच्या इतिहासातला अवघा नऊ वर्षांचा तुकडा. तिसरा जॉर्ज कारभार पाहण्याच्या मनःस्थितीत उरला नाही, म्हणून फेब्रुवारी १८११ मध्ये त्याच्या थोरल्या मुलाला रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने राज्य चालवणारा, नेमण्यात आले. जानेवारी १८२० मध्ये म्हातारा राजा वारला आणि हाच मुलगा चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसला. इंग्लिश कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या सहाही कादंबऱ्या याच काळात छापल्या गेल्या, पण तिच्या लेखी तो इतिहास नव्हता. तो तिच्या खिडकीबाहेरचा रस्ता होता. त्या रस्त्याकडे सव्वाशे वर्षांनी मागे वळून पाहत, टोपीच्या फितीपासून घोडागाडीच्या चाकापर्यंतचे तपशील जमवून, त्यावर प्रेमकथा उभी करण्याचा प्रकार १९३५ पासून रुळवला तो जॉर्जेट हेयर या लेखिकेने. पुढे त्या पायवाटेचा हमरस्ता झाला आणि आज तो इतका गजबजला आहे की, त्या काळात राजघराण्याबाहेरचे ड्यूक, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचे उमराव, सगळ्या राज्यात मिळून जेमतेम पंचवीस-तीस असताना, माझ्या एकटीच्या कपाटात चाळीसेक ड्यूक नांदतात, आणि त्यांतले सगळे तरुण, अविवाहित व दात शाबूत असलेले आहेत.

यातले आकर्षण झगे, झुंबरे आणि ड्यूकांची श्रीमंती यांत आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तीस वर्षे मृत्युपत्रे, वाटणीपत्रे आणि हक्कसोडपत्रे लिहून देणाऱ्या बाईला मात्र त्यात दुसरेच काही दिसते. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात लग्न झालेल्या स्त्रीला नवऱ्याहून वेगळे असे कायदेशीर अस्तित्वच नव्हते. तिचे रोख पैसे, दागिने, फर्निचर, उद्या तिने काही कमावले तर ती कमाई, हे सारे लग्नाच्या क्षणी नवऱ्याचे होई. तिच्या जमिनीचे उत्पन्नही संसार टिकेपर्यंत त्याच्याच हातात जाई. मुलांचा ताबा बापाचा. घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागे, आणि १८५७ पूर्वी अशा रीतीने घटस्फोट मिळवू शकलेल्या स्त्रियांची संख्या अवघी चार आहे. आपल्याकडे, प्रत्यक्ष व्यवहारात काहीही घडत असो, निदान धर्मशास्त्राने स्त्रीधन हे बाईचे स्वतःचे मानले होते. तिकडच्या विवाहितेला तेवढीही सोय मिळायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले.

आता या चौकटीत एकोणीस वर्षांच्या मुलीला उभे करून पाहा. तिच्या आयुष्यात मोठा म्हणावा असा एकच निर्णय आहे आणि तो एकदा घेतला की माघार नाही. कोणावर विश्वास टाकायचा, एवढेच तिच्या हाती आहे. म्हणून माझ्या मते या कादंबऱ्या जितक्या प्रेमाच्या आहेत, तितक्याच माणूस पारखण्याच्या आहेत. नायक देखणा आहे हे पहिल्या प्रकरणात कळते. पुढची तीनशे पाने तो गाडीवानाशी कसा बोलतो, धाकट्या बहिणीची चूक कशी झाकतो, जुगारात हरलेले पैसे कोणत्या तोंडाने फेडतो आणि नायिकेने "नाही" म्हटल्यावर काय करतो, हे पाहण्यात जातात. एखाद्या मिळकतीचा तीस वर्षांचा शोध अहवाल काढावा, इतक्या चिकाटीने ती मुलगी त्या माणसाचा शोध घेते. वाचकही तिच्याबरोबर प्रत्येक नोंद तपासत जातो.

हा शोध घ्यायला तिला साधने किती थोडी आहेत, तेही लक्षात घ्यायला हवे. अविवाहित स्त्री-पुरुषांनी, वाङ्‌निश्चय झालेला नसताना, एकमेकांना पत्र लिहिणे शिष्टसंमत नव्हते. शिवाय टपालाचा खर्च १८४० पर्यंत पत्र पाठवणाऱ्याला नव्हे तर घेणाऱ्याला पडे. लॉर्ड किंवा पार्लमेंटचा सभासद यांनी पाकिटावर सही केली तर मात्र ते फुकट जाई. म्हणजे गुपचूप पत्र आले तरी पैसे द्यायला घरातले कोणी तरी दारात उभे असणारच. एकांतात भेटणे तर दूरच. उरतो तो नाच. तिथे एका जोडीदाराबरोबर सलग दोन नाच करायचे, म्हणजे साधारण अर्धा तास त्याच्यासमोर राहायचे. रांगेतल्या नाचात आपली पाळी येईपर्यंत जोडप्याला नुसते उभे राहावे लागे, आणि बोलायचे ते तेवढ्या अवधीत. आई, मावशी आणि गावातल्या सगळ्या बायका भिंतीला टेकून पाहत असतात, ऐकू मात्र कोणाला येत नाही. एकाला नकार दिला तर उरलेली संध्याकाळ बसून काढावी लागते, आणि एकाशीच तिसऱ्यांदा नाचले तर दुसऱ्या दिवशी सगळीकडे बभ्रा होतो. चांगली लेखिका या अर्ध्या तासाचे काय करते ते पाहण्यासारखे असते. हातमोज्याचे एक बटण निघते, तो ते लावू का असे विचारतो, ती मनगट पुढे करते, आणि तेवढ्यात नाचात पाळी येते. बटण तसेच राहते. चाळीस पानांनंतर ते बटण पुन्हा येते, तेव्हा माझ्यासारख्या बाईच्याही हातातला चहा गार होतो. सगळे काही बोलता येण्याच्या काळातल्या प्रेमकथांना ही कमाई करता येत नाही, असे मी म्हणणार नाही. पण त्यांना ती फार महाग पडते.

आणि मग येतो तो भाग, ज्याच्यासाठी मी खरोखर या कादंबऱ्या हाती घेते. कायदा कठोर असला तरी त्यात एक वाट होती. लग्नापूर्वी करारनामा करून मुलीची मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात तिच्या 'स्वतंत्र उपभोगासाठी' ठेवता येई, म्हणजे नवऱ्याचे हात तिथवर पोहोचत नसत. वैधव्यात तिला दरसाल किती मिळणार, हातखर्चाला किती, धाकट्या मुलांना किती, हे सारे तिथे लिहून ठेवायचे. बऱ्याच कादंबऱ्या हे एका वाक्यात उरकतात. काही मात्र थांबतात. नायक वकिलाच्या टेबलापाशी बसला आहे, वकील म्हणतो की महाराज, यात आपले नुकसान आहे, आणि नायक म्हणतो, तसेच लिहा. चंद्रप्रकाशातल्या गुलाबाच्या बागेपेक्षा हा प्रसंग मला अधिक हळवा करतो. एखादी लेक माहेरच्या जमिनीवरचे हक्कसोडपत्र करायला येते आणि भाऊ बाहेर मोटारसायकलवर बसून घाई करत असतो, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिले आहे की, स्वतःहून कमी घेऊन बाईच्या नावे जास्त लिहून देणारा पुरुष मला ड्यूकापेक्षाही दुर्मीळ वाटतो.

हे सारे कल्पनेतले झाले. पण त्या काळात खुद्द रीजंटच्या घरात अशी एक कथा घडली, आणि ती मला कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त आठवते. त्याची एकुलती एक मुलगी शार्लट, गादीची पुढची वारस. बापाने तिचे लग्न नेदरलँड्सच्या युवराजाशी ठरवले. अठरा वर्षांच्या या मुलीने करारनाम्यात एका कलमाचा आग्रह धरला, की मला माझ्या इच्छेविरुद्ध इंग्लंडबाहेर राहायला भाग पाडता येणार नाही. कलम घातले गेले, तरीही पुढे तिने ते लग्न मोडलेच. संतापलेल्या बापाने तिच्या भोवतीची सगळी माणसे बदलण्याचे फर्मान काढले, तेव्हा जुलै १८१४ मधल्या एका संध्याकाळी ती घरातून धावत रस्त्यावर आली, भाड्याची घोडागाडी थांबवली आणि थेट आईच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिला परतावे लागले. पण १८१६ च्या मे महिन्यात तिचे लग्न झाले ते तिने स्वतः पसंत केलेल्या, सॅक्स-कोबर्ग घराण्यातल्या धाकट्या आणि फारशी मिळकत नसलेल्या लिओपोल्डशीच. विशेष म्हणजे ऑस्टिनची पहिली कादंबरी तिने वाचली होती आणि तिला ती आवडली होती.

याच लग्नाच्या सुमारास रीजंटच्या ग्रंथपालाने ऑस्टिनला सुचवले की, सॅक्स-कोबर्ग घराण्यावर एखादी ऐतिहासिक प्रेमकथा लिहा, फार गोड वाटेल. तिने विनयाने कळवले की, जीव वाचवण्याचा प्रश्न आल्याखेरीज आपल्या हातून गंभीर रोमान्स लिहून होणार नाही, आणि तेव्हाही स्वतःवर किंवा इतरांवर हसायची मनाई असेल तर पहिले प्रकरण संपण्याआधीच आपल्याला फाशी होईल. ज्या प्रकाराची ती कुलदेवता मानली जाते, तो प्रकार लिहायला तिने स्पष्ट नकार दिला होता, ही गोष्ट त्याच्या भक्तांनी अधूनमधून आठवावी.

शार्लटच्या कथेचा शेवट मात्र कादंबरीसारखा झाला नाही. ५ नोव्हेंबर १८१७ च्या रात्री, पन्नास तासांच्या कळांनंतर, तिला मृत मुलगा झाला आणि उजाडण्यापूर्वीच तीही गेली. वय एकवीस. आजच्या रीजन्सी कादंबरीच्या शेवटी एक उपसंहार असतो, त्यात नायिका हिरवळीवर बसलेली आणि दोन-तीन गुटगुटीत मुले तिच्या भोवती खेळत असलेली. मी तो वाचते, आवडीने वाचते, पण तो कोणती भीती झाकण्यासाठी लिहिलेला आहे हे मला त्या तारखेमुळे कळते.

ही तारीख पुण्यात राहणाऱ्या माणसाला आणखी एका कारणासाठी विसरता येत नाही. त्याच ५ नोव्हेंबरला खडकीला दुसऱ्या बाजीरावाच्या आणि इंग्रजांच्या फौजा भिडल्या, संगमावरची रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज वकिलाची कोठी, जळाली, आणि बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. रीजन्सी कादंबऱ्यांत आपण असतोच, फक्त आपल्याला नाव नसते. नायिकेच्या अंगावरची काश्मिरी शाल, हिंदुस्थानातून गडगंज होऊन परतलेला काका, आणि नाचाच्या दालनात ज्याच्याभोवती गर्दी जमते तो वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन. या वेलिंग्टनने आपली पहिली मोठी लढाई सप्टेंबर १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांविरुद्ध असईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, जिंकली होती. असईचे नाव मी या कादंबऱ्यांत क्वचितच पाहिले आहे. याच काळावर बेतलेल्या ब्रिजर्टन या इंग्रजी मालिकेच्या दुसऱ्या पर्वात मुंबईहून आलेल्या दोन बहिणी आहेत, त्यांतल्या धाकटीला मराठी येते असे सांगितले जाते. वडील 'अप्पा' आणि बहीण 'दीदी' हा खिचडी प्रकार ऐकून मी हसले, आणि खरे सांगायचे तर बरेही वाटले. मात्र १८१४ साली मुंबईची माणसे लंडनमध्ये इतक्या निवांतपणे नाचत आहेत आणि तीन-चार वर्षांत पेशवाई बुडणार आहे याची सावलीसुद्धा तिथे नाही, हे मला खटकल्यावाचून राहिले नाही.

खटकणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या घामावर उभे राहिलेले वाडे नुसते 'सुंदर' म्हणून वर्णिले जातात. हेयरबाईंच्या लेखनात घराण्याचा अभिमान पदोपदी डोकावतो आणि त्यांच्या १९५० च्या एका कादंबरीतले ज्यू सावकाराचे चित्र वाचताना आजही मान खाली जाते. नव्या लेखिका याबाबत सावध आहेत, काही तर नायिकेला इतकी आधुनिक करतात की तिला त्या काळात ठेवायचेच कशाला, असा प्रश्न पडतो. नियम तिला बांधतच नसतील तर हातमोज्याच्या बटणाला अर्थ उरत नाही.

तर त्या दिवशी सर्व्हर सुरू झाला, माझे टोकन पुकारले गेले, आणि अंगठे, छायाचित्रे, सह्या यांत पाऊण तास गेला. मी परत आले तेव्हा खुर्चीवर ठेवलेले पुस्तक वकीलमित्रांच्या हातात होते. बोट एकशे बाराव्या पानावर. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी कामाच्या आवाजात विचारले, "मॅडम, हा मसुदा मुलाच्या वकिलाने केलाय की मुलीकडच्या?"