म्हणे, पोट्ट्यांना जेल दाखवा!

घरच्या ग्रुपवर परवा भाऊजींचा फॉरवर्ड आला. त्यांच्याच पोराला, म्हणजे माझ्या भाच्याला, ट्यूशनबाहेरच्या मारामारीत मनगटावर सात टाके पडलेत. म्हणून जास्तच झोंबलं. मजकूर असा: ‘पोरांची गुंडगिरी रोखायला आता डॉक्टर आणि समुपदेशक! करोडोंचा चुराडा. डॉक्टरांनी टाके घालावेत. परदेशातही हे फसलंय. एक दिवस सेंट्रल जेल दाखवा, पोट्टे सरळ होतात.’

शेवटचं आधी घेतो, कारण तेच सगळ्यात घातक आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून हे करून झालंय. पोरांना तुरुंगात न्यायचं, कैद्यांकडून दम द्यायचा. पुढे या उपायाच्या चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले, तर तुरुंगात न नेलेल्या पोरांपेक्षा तुरुंग पाहून आलेल्यांनीच जास्त गुन्हे केले होते. आणि आपल्याकडे नागपुरात वर्धा रोडनं जाणाऱ्याला जेलची भिंत रोजच दिसते. आत एखादा ‘भाई’ भेटला, तर सोळा वर्षांचं पोट्टं घाबरेल की त्याची स्टाइल उचलेल?

आता ते करोडो. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या सर्जननं साधी गोष्ट सुरू केली. जखमी आला की कॅज्युअल्टीच्या खिडकीवरच विचारायचं: कुठं झालं, कधी, कशानं? नाव वगळून ही माहिती पोलिसांना आणि पालिकेला द्यायची. कारण मार खाणारे बरेचजण ठाण्यात जातच नाहीत. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निकाल आला: तुलनेच्या शहरांपेक्षा मारहाणीमुळे दवाखान्यात भरती होणारे ४२ टक्क्यांनी कमी. पुढच्या हिशेबात एका पौंडामागे ८२ पौंडांचा फायदा निघाला. हे ८२ काही तिजोरीत रोख पडत नाहीत, लोकांच्या वेदनांचं मोलही त्यात धरलंय. तरी ‘फसलंय’ कुठून आलं?

आमच्या कॅज्युअल्टीत काय झालं? ‘पाय घसरून काचेवर पडला’ असं केसपेपरवर लिहायला भाऊजींनीच सांगितलं. पोराचं करिअर आहे ना! टाके पडताना भाचा सिस्टरला सांगत होता, ‘पाण्याच्या टाकीमागं लाइट नाही मॅडम, तिथं रोजच होते.’ ती म्हणाली, ‘हात हलवू नको.’

बाकी, हा ‘आता’चा नवा खर्च नाही. सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे आणि दुखापती-हिंसा हा त्याचा एक विषयच आहे. त्यातला समुपदेशक पुष्कळदा नावालाच असतो, हे मात्र खरं. ते मान्य. कार्डिफची मारामारी दारूच्या गुत्त्यांभोवतीची, आपली ट्यूशन आणि पानठेल्यांवरची, हेही मान्य. आणि पोलीस तिथंही लागलेच. फक्त कुठं उभं राहायचं, ते त्यांना दवाखान्याच्या कागदांवरून कळत होतं.

भाचा अजून त्याच ट्यूशनला जातो. टाकीमागं अंधारच आहे.