तराजू दिल्लीत, पक्षकार गगनबावड्यात

रंकाळ्याच्या कट्ट्यावर परवा सुज्यानं मधे पेपरची घडी ठेवली, दोन्ही टोकांना एकेक चहाचा ग्लास. "हे सुप्रीम कोर्ट. मधला भाग तराजूची दांडी, बाजूच्या इमारती पारडी. आणि हे काढलं कुणी? आपल्या गणेश भिकाजी देवळालीकरांनी! केंद्रीय बांधकाम खात्याचे पहिले भारतीय प्रमुख." सुज्या आर्किटेक्ट आहे, इमारतीवर बोलताना त्याचा आवाज चढतोच.

"तराजू झकास हाय रे, पण माणूस तिथवर पोचायला नको?" अम्या वकिली करतो. "१९५० ला कोर्ट संसद भवनात सुरू झालं, १९५८ ला टिळक मार्गावर गेलं, ते तिथंच. घटनेचं १३० वं कलम वाच. राष्ट्रपतींची मान्यता घेऊन सरन्यायाधीश दिल्लीबाहेरही कोर्ट बसवू शकतात."

टिळक मार्ग म्हटलं की माझा ऊर भरून येतो. १९०८ ला ज्यांना मुंबईच्या हायकोर्टात राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांचंच नाव आज देशातल्या सर्वोच्च कोर्टाच्या पत्त्यात आहे. मी तसं बोललोही.

"पत्त्याचं राहू दे," संभाजीदादा म्हणाले. दादा गगनबावड्याकडचे, जमिनीचा दावा हायकोर्टात. कितीदा रात्रीच्या एसटीनं मुंबई गाठायची, पुढची तारीख घ्यायची, पुन्हा रात्रीची एसटी. भाकरी बांधून न्यायचे. ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरातच हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, आलं तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. "उद्या समोरचा दिल्लीला गेला तर मी काय करू?"

सुज्या हटेना. "तिहारमधनं सुनील बत्रा नावाच्या कैद्यानं नुसतं पत्र पाठवलं होतं, दुसऱ्या कैद्याला मारहाण झाली म्हणून. त्या पत्राचीच कोर्टानं याचिका केली. दार उघडंच हाय."

मला दोघांचंही पटत होतं, पण दादांचं जास्त. एका पत्राची गोष्ट चाळीस-पंचेचाळीस वर्षं सांगावी लागते, याचा अर्थ अशी पत्रं फार नाहीत.

"पत्र मराठीत चालतंय?" दादांनी विचारलं.

"कामकाज इंग्रजीतनं, कलम ३४८," अम्या म्हणाला. "पण काही निकालांचे मराठी अनुवाद आता कोर्टच नेटवर टाकतंय."

दादा सरसावून बसले. "जमिनीचे असतील त्यात? उद्या मोबाईलवर काढून दाखव. चष्मा घेऊन येतो."