टाकीत थिनर ओतून कन्व्हर्टर धुतला जात नाही

काल मामांकडे गेलो तर बाल्कनीत, भर उन्हात, लिटरभर थिनरचा डबा. कशाला विचारलं, तर त्यांनी मोबाईलवरचा मेसेज वाचून दाखवला: गाडीच्या कन्व्हर्टरच्या (सायलेन्सरच्या नळीतला, धूर स्वच्छ करणारा भाग) जाळीवर डांबरासारखा कार्बन धरतो, तो आपोआप कधीच जात नाही, टाकीत थिनर ओतला की धुऊन निघतो, नाहीच गेला तर जाळी काढून टाका, ॲव्हरेज वाढतं. हाच मेसेज मला याआधी तिघांनी पाठवलाय.

आधी थिनर. टाकीतला थिनर पेट्रोलबरोबर इंजिनात जातो आणि सिलिंडरमध्येच जळतो. जाळीपर्यंत पोचतो तो धूर. मग धुणार काय? थोडा न जळता पुढे गेलाच तर तो जाळीवर पेटतो, जाळी प्रमाणाबाहेर तापते, वितळूही शकते. शिवाय थिनरमध्ये टोल्युइन, ॲसिटोन असलं काहीबाही, डब्यागणिक वेगळं. त्याने पेट्रोलच्या लाइनमधली रबरी सीलं फुगतात. तिथून गळती लागली तर गाडी पेटेल. मामा रोज त्याच गाडीतून नातीला शाळेत सोडतात!

कार्बन धरतो, एवढं मात्र खरं. भाजी आणायला दोन किलोमीटर गेलं की जाळी २५०-३०० अंशांच्या वर फार वेळ राहत नाही. पेट्रोलचे अर्धवट जळलेले रेणू जाळीवरच्या ऑक्साइडच्या (धातू आणि ऑक्सिजनचं संयुग) लेपावर चिकटतात, त्यांतला हायड्रोजन हळूहळू निघून जातो आणि काळा थर उरतो. पण 'कधीच जात नाही' हे साफ खोटं. मार्स आणि व्हॅन क्रेव्हेलन या शास्त्रज्ञांनी १९५४ मध्येच व्हॅनेडियम ऑक्साइडवर दाखवलं होतं की ऑक्साइड स्वतःतला ऑक्सिजन हायड्रोकार्बनला (पेट्रोलमध्ये असतात तसल्या रेणूंना) देऊन ते जाळतं आणि हवेतून तो परत भरून घेतं. तुमच्या जाळीवरचं सिरियम ऑक्साइडही अशीच देवघेव करतं. गाडी हायवेवर अर्धा तास नीट पळवली की थर बहुतेक जळून जातो. जात नाही ते इंजिन ऑइलमधून आलेलं फॉस्फरस आणि जस्त. त्यावर थिनरचा काडीचा उपयोग नाही.

जाळी काढायचं तर बोलूच नका. पेट्रोल किती सोडायचं ते मुख्यतः जाळीच्या आधीच्या सेन्सरवरून ठरतं, म्हणून धड असलेली जाळी काढून ॲव्हरेज काही फारसं वाढत नाही. जाळी पार चोंदली असेल तर ॲव्हरेज पडतं, हे कबूल. मग ती बदलायची. काढली तर विषारी कार्बन मोनॉक्साइड सरळ रस्त्यावर, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.

मामांच्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागतोय. आज आधी स्पार्क प्लग तपासायला गॅरेजला नेतोय. डबा दुकानदाराला परत दिला.