बारनिशी उघडी हवी

आमचे आजोबा बडोदा संस्थानच्या खानगी खात्यात बारनिशी कारकून होते. बारनिशी म्हणजे आवक-जावक कागदांची नोंद. कचेरीत येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा. तारीख, कोणाकडून, कशाबद्दल, पुढे कोणाकडे गेला, असे चार रकाने भरले की मगच कागद पुढे सरकायचा. १ मे १९४९ ला संस्थान विलीन झालं, पण आजोबांची सवय काही सुटली नाही. घरी येणारं पत्रसुद्धा आधी वहीत चढायचं. ‘नोंद नाही तो कागद नाही’ हे त्यांचं वाक्य आई अजून म्हणते.

ती वही मला परवा आठवली, कारण दादाचा फोन आला आणि आमचं पुन्हा माहिती अधिकारावरून बोलणं निघालं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा काळाघोड्याजवळ पाणी पस्तीस फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी सव्वीस. कारेलीबागेतल्या आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. आईला शेजाऱ्यांनी वरच्या मजल्यावर नेलं, आजोबांच्या वह्या मात्र खालच्या कपाटात राहिल्या. मी स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला, रात्रभर फोन हातात धरून बसले होते.

घरामागून एक कांस, म्हणजे पावसाच्या पाण्याचा उघडा नाला, जाते. पावसाळ्याआधी ती साफ केली असं सांगितलं गेलं होतं, पण गल्लीत कोणी यंत्र पाहिलं नव्हतं. दादानं वीस रुपये फी भरून एका कचेरीत अर्ज केला: सफाईची वर्क ऑर्डर, मापपुस्तिका (झालेलं काम मोजून लिहायची वही) आणि दिलेल्या बिलांच्या प्रती. एकोणतिसाव्या दिवशी फोन आला, ‘शा माटे जोईए छे?’ कशाला हवंय, हे विचारायचं नाही असं कायद्याच्या कलम ६(२) मध्ये लिहिलेलं आहे. दादानं तेच शांतपणे सांगितलं. मग पत्र आलं की मागितलेली माहिती स्पष्ट नाही. पहिल्या अपिलात साहेब म्हणाले, फाईल नंबर द्या, लगेच काढून देतो. फाईल नंबर दादाला कुठून कळणार? दुसरं अपील केलंय, त्याची तारीख अजून लागलेली नाही.

आता इकडचं सांगते. माझ्या मुलीच्या शाळेजवळ एका ओढ्यावर पायी जायचा छोटा पूल आहे. गेल्या वसंतात तो अचानक बंद केला. मी नगरपालिकेच्या कचेरीत गेले. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी एक संगणक ठेवलेला असतो. त्यावर ओढ्याचं नाव टाकलं तर अकरा ओळी आल्या: तारीख, कोणाकडून, कशाबद्दल, कोणाकडे. आजोबांचेच रकाने! तिसऱ्या ओळीत पुलाच्या तपासणीचा अहवाल होता. खिडकीवरच्या बाईंनी एवढंच विचारलं, कागदावर देऊ की ईमेलनं पाठवू? माझं नाव त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. त्यात गंजलेल्या तुळईचे फोटो होते, शेजारी मोजपट्टी धरलेली, खाली इंजिनिअरचं नाव.

स्वीडनमध्ये हे १७६६ सालच्या कायद्यापासून चालत आलंय. नाव आणि कारण विचारायला सरकारी कचेरीला मनाई आहे, गुप्ततेचा निवाडा करण्यापुरतं लागलं तरच विचारता येतं. मी इथली नागरिक नाही, तरी कागद मागण्याचा माझा हक्क इथल्या माणसाइतकाच आहे. आपल्या कायद्यात मात्र हा हक्क फक्त नागरिकाला आहे. मी भारतीय पासपोर्ट अजून सोडलेला नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. ज्या शहरात माझी आई राहते त्या शहराला प्रश्न विचारता आला पाहिजे.

पण मी इथलं सगळंच डोळे मिटून वाखाणणार नाही. त्याच अकरा ओळींमध्ये एका शेजाऱ्याची तक्रार होती. ती मी वाचली, आणि त्याच्या तळघरात पाणी शिरून त्याचं काय काय गेलं ते सगळं मला कळलं. दुसऱ्या दिवशी तो रस्त्यात भेटला तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं. इथे कर खात्याला फोन केला की कोणाचंही उत्पन्न कळतं, आणि घरचा पत्ता, वय वेबसाइटवर असतं. गुन्हेगारांच्या टोळ्याही पत्ते तिथूनच काढतात, त्यामुळे हे किती उघडं ठेवायचं यावर इथे आता गंभीर वाद चालू आहे. खासगीपणाची काळजी मला खोटी वाटत नाही.

म्हणूनच आपल्याकडे त्या काळजीचा वापर होतोय तो मला जास्त लागतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यानं माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्यानं खासगीपणावर विनाकारण घाला येतो, असं म्हणावं लागायचं. शिवाय जे संसदेला नाकारता येत नाही ते सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही, असं एक वाक्य होतं. मला ते त्या कायद्यातलं सगळ्यात सुंदर वाक्य वाटायचं. ते गेलं. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं म्हटलं की पुरतं. लोकहित मोठं असेल तर माहिती देता येईल हे कलम ८(२) शिल्लक आहे, पण ते लोकहित सिद्ध करत कोण बसणार? मापपुस्तिकेवर सही करणाऱ्या इंजिनिअरचं नाव वैयक्तिक ठरलं तर कांस कोणी मोजली हे दादाला कधीच कळणार नाही.

आमच्या ओळखीतले एक काका म्हणतात, माहिती अधिकार हा तोडपाणीवाल्यांचा धंदा झालाय, बंद केलेला बरा. असे लोक आहेत, हे मी नाकारत नाही. पण काका, तोडपाणी कशाच्या जोरावर होतं? कागद एकाच्याच हातात असतो म्हणून. तेच बिल सगळ्या गल्लीला दिसत असेल तर गप्प बसण्याचे पैसे कोण कोणाला देईल?

आणि किंमत कशी मोजावी लागते ते आपण बडोद्याच्या लोकांनी पाहिलंय. ९ जुलै २०२५ ला सकाळी पादरा तालुक्यातला महिसागरवरचा गंभीरा पूल मधूनच तुटला. १९८५ चा पूल. गाड्या नदीत गेल्या, किमान वीस माणसं मेली. नंतर इंजिनिअर निलंबित झाले. त्या पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला आदल्या महिन्यात तपासणीचा अहवाल बघावासा वाटला असता, तर तो कोणत्या नावानं मागायचा हे त्याला कुठे सापडलं असतं? शाळेजवळच्या त्या छोट्या पुलाच्या तुळईचा फोटो मी एका दिवसात बघितला, हे मला अजून सलतं.

आपला कायदा काही बाबतीत इथल्याहून कडक आहे. तीस दिवसांची मुदत, जिवाचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास, उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड. उणीव आहे ती त्या चार रकान्यांची. कोणता कागद आहे हेच माहीत नसलेल्या माणसानं मागायचं काय? खरं तर कलम ४(१)(अ) सांगतं की प्रत्येक कचेरीनं आपल्या नोंदींची सूची लोकांना सोयीची पडेल अशी ठेवावी. २००५ पासून ते तिथे लिहिलेलं आहे. प्रत्येक कचेरीची आवक-जावक रोज संध्याकाळी वेबसाइटवर टाकली, तक्रारदार सामान्य माणसाचं नाव-पत्ता झाकून, तर अर्ध्या अर्जांची गरजच उरणार नाही. अधिकाऱ्याचं आणि ठेकेदाराचं नाव मात्र झाकायचं नाही.

कायद्यात नोंदी प्रत्यक्ष जाऊन तपासण्याचाही हक्क आहे. दादाला मी तेच सुचवलं: दुसऱ्या अपिलाची वाट बघत बसू नकोस, नवा अर्ज कर आणि प्रती मागूच नकोस. एप्रिल ते जून २०२४ चं आवक-जावक रजिस्टर पाहायला माग. कालच त्यानं अर्ज टाकला. आईनं त्याला आजोबांची एक वही दाखवायला काढली होती, पुरात भिजून पानं चिकटलेली. रकाने अजून दिसतात.