माझा काढा, मंडळाचा च्या

नवरात्रात एका मंडळात भावगीतांचा कार्यक्रम होता आणि माझा घसा सकाळपासून खरखरत होता. मग दिवसभर मौन, वाफ, मफलर आणि निघताना थर्मासभर काढा. दोन बोटं आलं ठेचून, चार मिरी, ज्येष्ठमधाची काडी. पाणी निम्म्यावर आलं की गॅस बंद, मग आपला कोल्हापुरी गूळ. दूध नाही. दुधानं माझ्या घशाशी चिकटा येतो.

स्टेजमागं साडीला पिन लावायला वळले, तोवर काका आले. छातीवर मंडळाचा बिल्ला, हातात कागदी कपांची चळत. "आरं, च्या आला की!" म्हणत थर्मास उघडला आणि वाटायलाच लागले. तबलजी, साउंडवालं पोरगं, दोन कार्यकर्ते. ओरडायची सोय नव्हती, कुजबुजणंही घशाला वाईट. मी दोन्ही हात हलवून "नको, नको" केलं.

"तुमास्नी नको? बरं, ऱ्हाऊ दे." माझा कप पडदा ओढणाऱ्याला गेला.

एक घोट घेऊन काकांचं तोंड वाकडं झालं. "दूध इसरला वाटतं. काय हाय ह्ये?"

मी घशाकडं बोट दाखवलं.

"घसा व्हय! मग जोरात खाकरा की, मोकळा हुतोय. आता उपास हाईत, पर दसरा झाला की पांढरा रस्सा प्या वाटीभर. आणि मला सांगा, अल्लादियाखाँसायब असला काढा पीत हुते व्हय?"

शाहू महाराजांच्या दरबारच्या गवयाला मध्ये आणल्यावर कोल्हापुरात बोलणंच खुंटतं. खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अतिगायनानं खरोखरच गेला होता, आणि परत आला तो बदलून. त्यातूनच त्यांनी नवी गायकी घडवली. मला नवी गायकी घडवायची नव्हती, आठ वाजता सा लावायचा होता. आणि खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, हे हातवाऱ्यांनी कसं सांगणार?

खरं तर काढा स्वरतंतूंना शिवतसुद्धा नाही. तो अन्ननलिकेतून जातो. चुकून तिकडं वळलाच तर ठसका. पण कोमट घोटानं घसा सैलावतो, चार घोट पाणीही पोटात जातं. दिवसभर पाणी पिणं आणि तोंड बंद ठेवणं, गाणाऱ्याची निगा एवढीच. त्यातलं दुसरं काकांनाही जमण्यासारखं होतं.

मंडळानं मला पाणी दिलं ते बर्फाच्या टबातल्या बाटलीतलं. थेट तोंडावर पंखा. कोमट पाणी मागितलं तर "बघतो" म्हणून गेलेला मुलगा शाल-नारळाच्या वेळी उगवला. स्पीकरच्या भिंतीला पैसे असतात, तांब्याभर गरम पाण्याला नसतात. मानधनाचं पाकीट तर अजून "अध्यक्षांकडं" आहे. दोन गाणी मी पट्टी उतरवून गायले, तिसऱ्याचा अंतरा हार्मोनियमवाल्यानं सांभाळला. टाळ्या मात्र कडकडून पडल्या, त्याचाही रागच आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका दारात.

"ताई, आजच्या गाणाऱ्या बाईंना गरम पाणी लागतंय म्हणं. लई नखरे! तुमचा थर्मास द्या की रातच्यापुरता."

दिला. टोपण ठेवून घेतलं.