दिसला का?

‘भडक कपडे नकोत, अत्तर-सेंट नको, मोबाइल सायलेंटवर, शक्यतो बोलू नये.’ बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या पक्षीनिरीक्षणाच्या फेरीला मेहुण्याने माझं नाव परस्पर देऊन टाकलं आणि वर या सूचना पाठवल्या. ‘मातकट रंगाचे कपडे काढून ठेव गं,’ असं बायकोला म्हणालो, तर म्हणते, ‘तुमच्या कपाटात दुसरं आहे काय?’

रविवारी अंधारातच पार्ल्याहून निघालो. लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली. खरं तर मुंबईत याहून दुर्मीळ दर्शन नाही, पण ते कुणी यादीत लिहीत नाही.

गाइड म्हणजे चोवीस-पंचविशीची एक मुलगी. चालता चालता मध्येच हात वर करायची, की अख्खा घोळका जागच्या जागी थांबायचा. एवढी शिस्त आमच्या सोसायटीच्या सभेत कधी बघितली नाही. मेहुण्याने त्याची जुनी दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली होती. ती डोळ्यांना लावली तर आधी माझ्याच पापण्या दिसल्या. चाक फिरवलं, तर एक धूसर हिरवा रंग गेला आणि दुसरा धूसर हिरवा रंग आला.

‘हरियल!’ ती कुजबुजली.

हरियल हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. कबुतराच्या कुळातला, हिरवट-पिवळा, पाय पिवळेधमक. वड-उंबरावर फळं खायला येतो आणि चाहूल लागली की पानांत असा निश्चल बसतो की पानांनाही पत्ता लागू नये. तो जमिनीला पाय लावत नाही अशी लोकांची समजूत आहे. राज्य पातळीवर पोचलेलं कुणीही पुन्हा जमिनीला पाय लावत नाही, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

‘काका, तो समोरचा उंबर. दुसरी फांदी. अकरा वाजता.’

या मंडळींची दिशा घड्याळावर चालते. पण बारा कुठे वाजलेत यावर एकमत नसल्याने माझे अकरा वेगळ्याच झाडावर वाजत होते. शेजारून एकेक आवाज येऊ लागला. ‘दिसला.’ ‘हो, दिसला.’ ‘वा, काय दिसला!’ संकष्टीला ढगाळ आभाळ असलं की गच्चीवर हेच होतं. कुणीतरी एक जण ‘दिसला’ म्हणतो आणि मग सगळ्यांनाच चंद्र दिसतो, कारण खाली मोदक गार होत असतात. मीही म्हणालो, ‘दिसला.’

‘किती दिसले?’ तिने विचारलं.

‘दोन,’ मी म्हणालो. एक म्हणणं जरा कंजूषपणाचं वाटलं.

‘दोन? मला एकच दिसला!’ झालं. घोळका माना वर करून दुसरा हरियल शोधायला लागला. मोठ्या लेन्सवाल्या एका गृहस्थांना तर त्याचा रेकॉर्ड शॉटही मिळाला. रेकॉर्ड शॉट म्हणजे ज्यात पक्षी आहे हे फोटो काढणाऱ्याने सांगावं लागतं, तो फोटो.

पुढे ‘शिक्रा!’ म्हणून ती थबकली. कान देऊन ऐकलं आणि हसली. शिक्रा नव्हताच. शेपटीला दोन लांब तारा लोंबणारा भृंगराज शिक्र्याची नक्कल करत होता. हा पठ्ठ्या कितीतरी पक्ष्यांचे आवाज काढतो म्हणे. या जंगलात आपण एकटेच खोटं बोलतोय, ही जी बारीकशी बोच होती ती तिथे गेली.

वाटेत तिने सलीम अलींची गोष्ट सांगितली. 1896 साली मुंबईतच जन्मलेल्या या माणसाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती घेऊन बीएनएचएसमध्ये, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, विचारायला गेला आणि तिथून सगळं सुरू झालं. आम्ही लहानपणी नेम धरून पाडली ती खालच्या मजल्यावरची काच. ती घेऊन कुठे जायची सोय नव्हती.

मग सगळे एका वटवट्या पक्ष्याच्या मागे झुडपांत शिरले. मी कठड्याला टेकून मान चोळत होतो, तर समोरच्या वठलेल्या फांदीवर, अगदी दुर्बिणीशिवाय दिसेल असा, तांबट. अंग हिरवं, कपाळ कुंकवाच्या लालीचं, डोळ्याभोवती पिवळं, चोचीच्या मुळाशी राठ मिशा. चोच बंद. तरी दर ‘टुक’ला गळा फुगायचा आणि बसायचा. डोकं जरा वळवलं की आवाज भलत्याच झाडावरून आल्यासारखा वाटायचा. कितीतरी वेळ मी नुसता बघत राहिलो. मग न राहवून हाक मारली, ‘अहो, इकडे या!’

‘शूऽऽ! तांबट ना?’ लेन्सवाले झुडपातून म्हणाले. ‘कॉमन आहे.’

शेवटी गेटबाहेर वडापाव खाताना यादीचं वाचन झालं. ती एकेक नाव घ्यायची, लोक ‘दिसला, दिसला’ म्हणायचे. हरियलपुढे ‘दोन’ अशी नोंद झाली. यादी संपत आली तरी मी पूर्ण शुद्धीत, शपथेवर बघितलेला एक पक्षी काही येईना, म्हणून शेवटी मीच म्हटलं, ‘आणि कावळा?’

‘अरे हो!’ तिने पेन उघडलं. ‘पण काका, गावकावळा की डोमकावळा? मान राखाडी होती का?’

माझी स्वतःची मान वळत नाहीये, त्याच्या मानेचा रंग मी काय सांगू?


‘दोन्ही दिसले,’ मी म्हणालो.