लाल-हिरवी जर्सी आणि शेजारचे आजोबा

"क्रिकेट सोडून तू हे काय बघत बसतेस गं?" हा प्रश्न मला माहेरी विचारतात, सासरी विचारतात, आणि सिडनीतल्या गणपतीत मोदक वाढतानाही कुणीतरी विचारतंच. आज एकदा सविस्तर लिहून टाकते.

मी सांगलीकडची. शाळा-कॉलेजात कबड्डी खेळले. 2009 मध्ये आम्ही सिडनीच्या मॅस्कॉट भागात भाड्याने राहायला आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजोबांनी मला त्यांच्या टीव्हीसमोर बसवलं. रग्बी लीग. एका बाजूला तेरा जण. बॉल छातीशी धरून समोरच्या भिंतीत घुसायचं, पकड झाली की उठून परत घुसायचं, आणि सहाव्या पकडीला बॉल समोरच्यांकडे. दहा मिनिटांत माझ्या तळहातांना घाम फुटला. दोघी-तिघींनी मिळून एकीला कमरेत धरायचं आणि तिचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंत सोडायचं नाही, हे मी मातीत केलेलं होतं. त्या दिवसापासून आजोबांची टीम ती माझी टीम: साऊथ सिडनी रॅबिटोज.

नाव ऐकून लोक हसतात. पूर्वी इथल्या गल्ल्यांमधून सशाचं मटण विकणारे फेरीवाले "रॅबिट-ओऽऽ" अशी आरोळी देत फिरायचे, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. आपल्याकडच्या "कल्हईऽऽ"सारखंच. कष्टकरी वस्तीचा, 1908 पासूनचा क्लब. आणि 20 वेळा विजेता ठरलेल्या या क्लबला 1999 च्या शेवटी स्पर्धेतून काढून टाकलं. टीम कमी करायच्या होत्या, हिशेबात हे बसेनात. नोव्हेंबर 2000 मध्ये सुमारे 80 हजार माणसं लाल-हिरवे झेंडे घेऊन सिडनीच्या रस्त्यावर उतरली. जॉर्ज पिगिन्स या जुन्या खेळाडूने कोर्टकचेरी लावून धरली, 2001 मध्ये निकाल बाजूने लागला आणि 2002 मध्ये टीम परत मैदानात आली. त्या मोर्चातला पुठ्ठ्याचा फलक आजोबांच्या गॅरेजमध्ये अजून आहे. पावसाने अक्षरं फुगलीत, पण वाचता येतात.

मला अगदी मनापासून वाटतं की क्लब हा कागदावर सह्या करणाऱ्यांचा नसतो. जो थंडीत कुडकुडत उघड्या स्टँडमध्ये बसतो त्याचा असतो. हे मी त्या गॅरेजमध्ये उभी राहून शिकले.

2012 आणि 2013, दोन्ही वर्षी आम्ही फायनलच्या एक पायरी अलीकडे हरलो. मग उजाडला 5 ऑक्टोबर 2014. समोर कँटरबरी बुलडॉग्ज, स्टेडियममध्ये 83 हजारांवर माणसं. आमचा सॅम बर्जेस पहिल्याच धडकेत समोरच्या जेम्स ग्रॅहमच्या डोक्यावर आदळला. गालाचं हाड मोडलं. मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा आला तेव्हा एक बाजू सुजत चाललेली दिसत होती, आणि तो हाताने गाल चाचपून परत रांगेत उभा राहिला. आजोबांनी माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. ते 1970 च्या फायनललाही होते. तेव्हा आमचा कप्तान जॉन सॅटलर सुरुवातीलाच जबडा मोडलेला असताना शेवटपर्यंत खेळला होता आणि मॅनलीला 23-12 असं हरवून ट्रॉफी घेऊन गेला होता. आजोबा नुसतं "सॅटलर, सॅटलर" असं पुटपुटत होते.

हाफटाइमला आम्ही 6-0 ने पुढे. मग 6-6. पोटात गोळा. मग सॅमचा धाकटा भाऊ जॉर्ज माणसं अंगावर घेत घुसला आणि त्यानंतर बांध फुटल्यासारखं झालं. 30-6! शेवटचा ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवणं) ग्रेग इंग्लिसचा. तो इथल्या मूळ रहिवाशांपैकी, आणि ट्राय केल्यावर तो गवतावर पोट टेकून, कोपरं वाकवून घोरपडीसारखा सरपटायचा. घोरपड म्हटल्यावर सिंहगड आठवणार नाही असं मराठी माणूस कोण? मी तिथेच उभी राहून ओरडले, तेही मराठीत. 1971 नंतर 43 वर्षांनी मिळालेली ट्रॉफी. सॅम रडत होता, सामनावीराचं मेडल त्यालाच मिळालं. आजोबा रडत होते. माझंही काही वेगळं नव्हतं.

तरी सगळ्यात जास्त काय आठवतं विचाराल तर मी 2014 नाही सांगणार.

3 ऑक्टोबर 2021. सिडनीत लॉकडाऊन, फायनल ब्रिस्बेनला, समोर पेनरिथ. शेवटच्या टप्प्यात कोडी वॉकरचा पास समोरच्या क्रायटनने मधल्यामध्ये उचलला आणि थेट ट्राय केला. तरी आम्ही सोडलं नाही. अ‍ॅलेक्स जॉन्स्टनने कोपऱ्यात ट्राय केला आणि 14-12 झालं. ट्रायनंतर दोन गुणांची किक मिळते. आता बरोबरीसाठी अ‍ॅडम रेनॉल्ड्सची किक. रेडफर्नचा, इथेच वाढलेला पोरगा, डाव रचणारा आमचा हाफबॅक, क्लबसाठी त्याची ही शेवटची मॅच. बॉल अगदी साइडलाइनजवळ ठेवलेला. मी टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसले होते.

किक बाहेर गेली. हरलो.

मी टीव्ही बंद करून मागच्या अंगणात गेले. कुंपणापलीकडे आजोबा आधीच उभे होते, अंगात तीच जुनी, उसवलेल्या कॉलरची जर्सी. मी म्हटलं, आजोबा, फार वाईट झालं. हो, मी त्यांना आजोबाच म्हणते, त्यांना त्याचा अर्थ केव्हाच कळलाय. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "2000 आणि 2001 मध्ये ऑक्टोबरात आमच्याकडे हरायलासुद्धा टीम नव्हती."

मग त्यांनी कुंपणावरून चहाचा मग पुढे केला, दीड मीटरचं अंतर राखून, आणि पुढच्या सीझनला हाफबॅक कोण खेळेल यावर आम्ही अंधार पडेपर्यंत बोलत राहिलो.